दुसऱ्याच्या डोक्याला हात

नितेश अढाऊने पहिल्यांदा दुसऱ्याचे केस कापले ते अमरावतीच्या होस्टेलच्या गच्चीवर, आणि तेही नाइलाजाने. त्याचा रूममेट सागर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखतीला जाणार होता. आदल्या संध्याकाळी पोरांनी मस्करीत त्याच्या डोक्यावरून ट्रिमर फिरवला आणि कानाच्या वर चांगलं टक्कल पडल्यासारखा पट्टा उमटला. सागर रडकुंडीला आला. नितेशने त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि ड्रॉइंगशीट कापायच्या कात्रीने तो पट्टा बाकीच्या केसांत असा मिसळवून टाकला, की सागर आरशात बघून म्हणाला, "अबे, हे तं पयल्यापेक्षा चांगलं झालं!"

तेव्हापासून दर रविवारी गच्चीवर पोरं यायला लागली. नितेशने चांगली कात्री आणली, कंगवे आणले. समोरचं ओबडधोबड डोकं हळूहळू आकार धरायला लागलं की त्याला भूक लागत नसे, फोनकडे बघावंसं वाटत नसे. मेकॅनिकलच्या चार वर्षांत कुठल्याही वर्गात त्याला असं झालं नव्हतं. पण हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते आहे, असंच त्याला वाटत नव्हतं.

डिग्री झाली. नोकरी लागली नाही. तेल्हाऱ्याला वडील पंजाबराव यांची काळ्या मातीची चांगली जमीन होती, गावात शब्द चालत होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "शेतीत येऊ नको. परीक्षा दे. अढावाच्या घरात एक तरी साहेब पायजे." नितेश हो म्हणाला. त्याने अकोल्यात खोली घेतली आणि एका अभ्यासिकेत जागा लावली.

अभ्यासिका वरच्या मजल्यावर होती आणि खाली वामनरावांचं सलून. काचेचं दार, चार खुर्च्या, भिंतभर आरसा. नितेश चहाला खाली उतरायचा आणि काचेपाशी उभा राहायचा. वामनराव पन्नाशीचे, सडपातळ, पांढरा शर्ट नेहमी इस्त्रीचा. ते गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावायचे तो असा, की माणूस आपोआप डोळे मिटायचा. काही दिवस बाहेरून बघितल्यावर एके दुपारी नितेश आत गेला आणि म्हणाला, "काका, मले शिकायचं हाय."

वामनरावांनी त्याला खालून वर बघितलं. "कोन तू? कोनाचा?"

"नितेश अढाऊ. तेल्हाऱ्याचा."

"अढाऊ म्हंजे पाटलाचं पोरगं." त्यांनी कात्री खाली ठेवली. "अन् घरी माईत हाय?"

"हो. बाबा म्हनले, आवडते तं शिक."

हे त्याच्या तोंडून इतक्या सहज गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. वामनराव मात्र खूश झाले. दुकानातला दुसरा कारागीर बंडू याला ते म्हणाले, "पाय बंडू, जमाना बदलून राह्यला. पाटलाचं पोरगं आपल्याकडे शिकाले आलं, अन् बापानं धाडलं." संध्याकाळी त्यांनी बायकोलाही फोन करून सांगितलं. नितेश शेजारी टॉवेल घडी करत होता. त्याने ते ऐकलं आणि घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली.

अभ्यासिका सुटली. घरी फोनवर तो म्हणायचा, वाचनात असतो, दिवसा फोन बंद असतो. दिवसा तो वामनरावांच्या हाताखाली असायचा. वामनराव बोलून कमी शिकवायचे, हात धरून जास्त. "आधी भोवरा पाय," ते म्हणायचे. "भोवरा जिकडं फिरते तिकडंच केस जाते. तू किती बी दाब, ते आयकत नाई. मानसाच्या डोक्यासंग भांडू नको." नितेशला हे एकदा कळलं आणि कायमचं कळलं. उन्हाळा संपेपर्यंत त्याला स्वतःची खुर्ची मिळाली. कॉलेजची पोरं त्याचं नाव घेऊन यायला लागली. बंडू त्याला चिडवायचा, "पाटील, हाताले जादू हाय तुया," आणि नितेशला ते ऐकून रात्रीची भाकरी गोड लागायची.

दिवाळीनंतर पंजाबराव अकोल्याला आले. नितेशची बहीण वर्षाली हिचं जमत आलं होतं. मुलगा अकोल्याचा, बँकेत. पंजाबराव त्यांचं घर बघायला निघाले होते आणि सोबत पोराला घ्यावं म्हणून, न कळवता, थेट अभ्यासिकेच्या पत्त्यावर आले. एसटीत अंगावर धूळ बसली होती, दाढी वाढली होती. खाली सलून दिसलं. पोराला भेटायच्या आधी, पाहुण्यांकडे जायच्या आधी, दाढी करून घ्यावी असं त्यांना वाटलं.

नितेशने त्यांना काचेतून रस्ता ओलांडताना पाहिलं. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्याच्या अंगावर दुकानाचा काळा एप्रन होता आणि हातात कंगवा. त्याला विचार करायला वेळ होता. नंतर तो स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की वेळ होता. त्याने एप्रन काढला, खुर्चीमागे टाकला, रिकाम्या खुर्चीत बसला आणि गळ्याभोवती कापड ओढून घेतलं.

वामनरावांनी हे सगळं आरशात पाहिलं. तेवढ्यात दार उघडलं.

"अरे नितेश! तू अठी?"

"कटिंग कराले आलो, बाबा."

"पाय बरं! म्या वर येनार होतो तुले भेटाले." पंजाबराव खुशीत शेजारच्या खुर्चीत बसले. "दाढी कर रे बाबू," ते बंडूला म्हणाले.

बंडूने नितेशकडे बघितलं, मग वामनरावांकडे.  वामनराव नितेशच्या मागे येऊन उभे राहिले, कापडाची गाठ नीट बांधली आणि विचारलं, "कसे कापू, साहेब?"

नितेशच्या कानशिलात रक्त चढलं. "बारीक करा," तो म्हणाला.

पंजाबरावांना बोलायची आवड होती. बंडू साबण लावत होता आणि ते आरशातून वामनरावांशी बोलत होते. "हा माया पोरगा. परीक्षेचा अभ्यास करते. इंजिनिअर झाला, आता तहसीलदार होईन. दिवसभर वाचते, फोन बी घेत नाई." मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "तू कोनत्या गावचा रे?"

वामनराव त्यांच्याच वयाचे होते. कदाचित वर्षभर मोठेही असतील. ते म्हणाले, "हिवरखेडाकडचा. सुदामबुवाचा मुलगा."

"सुदाम्याचा?" पंजाबराव हसले, अगदी मनापासून. "अरे तुया बाप आमच्याकडं येत होता! सगळ्या घराच्या हजामती त्याच्याकडं. दिवाळीले सुपलीभर ज्वारी नेयाचा. गरीब मानूस. बस म्हनलं तरी ओट्याच्या खालीच बसे. अन् तू पाय, एसी दुकान टाकलं. बरं केलं लेका. जातीचं काम मानसाले उपाशी नाई मारत."

"नाई मारत," वामनराव म्हणाले. त्यांची कात्री चालू होती.

"आता आमच्या पोरायले कोन म्हनलं, हे काम करा, तं जमन काय?" पंजाबरावांनी आरशात पोराकडे बघून डोळे मिचकावले. "काय रे नितेश?"

त्याला नुसतं मान हलवून सुटता आलं असतं. नुसतं हसता आलं असतं. पण भीतीने माणूस जास्तच बोलतो. "हट, बाबा," नितेश म्हणाला, "मले तं दुसऱ्याच्या डोक्याले हात लावाची बी किळस येते." आणि तो हसला.

वामनरावांची कात्री थांबली. एक क्षणच. मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी नितेशचं डोकं हलकंसं पुढे केलं आणि मागचे केस कापले, नेहमी कापत तसेच, भोवरा बघून, एकही केस वाकडा न ठेवता. काम झाल्यावर मऊ ब्रशने मानेवरचे केस झाडले. पंजाबरावांनी दोघांचे पैसे दिले. वामनरावांनी ते घेतले, गल्ल्यात टाकले आणि दार उघडून धरलं. "या साहेब," ते म्हणाले. ते दोघांपैकी कुणाला म्हणाले, हे नितेशने वळून बघितलं नाही.

पाहुण्यांच्या घरी चहा झाला, चिवडा झाला. मुलाच्या आईने विचारलं, तुमचा मुलगा काय करतो. पंजाबरावांनी सांगितलं. मुलाचे वडील म्हणाले, "दिसतेच साहेबावानी." सगळे नितेशच्या नव्या कापलेल्या केसांकडे बघून हसले. नितेशच्या कॉलरच्या आत एक केस राहिला होता, तो टोचत होता. तो काढायला हात वर नेण्याचीही त्याला त्या घरात हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकान उघडायच्या वेळेला गेला. वामनराव स्वतः झाडू मारत होते. नितेशने झाडू घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

"काल तुमची कटिंग झाली," ते म्हणाले. "आता काय काम हाय?"

त्यांनी त्याला 'तुमी' म्हटलं. नितेशला शिवी चालली असती.

"काका, बाबा होते म्हनून..."

"तुमी मले सांगतलं होतं, घरी माईत हाय म्हनून."

"चुकलं, काका."

वामनरावांनी झाडू कोपऱ्यात टेकवला. ते चिडले नव्हते, आणि त्यानेच नितेश जास्त घाबरला. "तुया बापानं माया बापाचं काढलं, त्याचं मले काई नाई वाटलं," ते म्हणाले. "तेवढं आमी लहानपनापासून आयकत आलो. त्याच्या मनात वाईट बी नव्हतं. पन तू हासला. ज्या हातानं म्या तुले कात्री धराले शिकवली, तोच हात तुया डोक्यावर होता, अन् तू म्हनला किळस येते." त्यांनी खुर्चीवरचे केस झटकले. "तुले काम आवडते, हे मले दिसते. हात बी चांगला हाय. पन नितेश, तुले आमचं काम पायजे. आमी नाई पायजे."

नितेश खाली बघत उभा राहिला. फरशीवर काल कापलेले केस होते. त्यातले कुठले आपले, हे ओळखू येत नव्हतं.

"घरी सांगून ये," वामनराव म्हणाले. "ते हो म्हनोत का नाई म्हनोत, त्याच्याशी मले मतलब नाई. सांगून ये. मंग पाहू."

नितेश तेल्हाऱ्याच्या गाडीत बसायला म्हणून स्टँडवर गेला आणि अमरावतीच्या गाडीत बसला.

सागर आता अमरावतीतच नोकरीला होता. त्याने खोलीत जागा दिली आणि फार चौकशा केल्या नाहीत. नितेशने स्वतःची समजूत घातली, की इथे काम लागलं, पगार चांगला असला, की मग घरी ताठ मानेने सांगता येईल. शहरात एक नवं मोठं सलून निघालं होतं. दिवे, संगीत, कॉफी, बायका-पुरुष दोघांसाठी. तिथल्या मॅनेजर पौर्णिमा मॅडम नीटनेटक्या, पुण्याला शिकून आलेल्या. त्यांनी त्याला एका मुलाचे केस कापून दाखवायला सांगितले. मुलाच्या डोक्याला दोन भोवरे होते. नितेशने बोटांनी ते चाचपले, केस ज्या बाजूला जायला मागत होते त्या बाजूला जाऊ दिले. पौर्णिमा मॅडम हाताची घडी घालून बघत होत्या.

"छान," त्या म्हणाल्या. "हे भोवऱ्याचं कुठे शिकलात? कोणाकडे होतात?"

"यूट्यूबवरून शिकलो, मॅडम," नितेश म्हणाला. "स्वतःच."

"मग उत्तम. मला असेच लोक हवेत, शिकलेले, बोलता येणारे. ते पिढीजात धंद्यातले येतात ना, त्यांना कितीही सांगा, दुकानाची सवय जात नाही." त्या हसल्या. नितेशनेही मान डोलावली.

त्याला नोकरी मिळाली. छातीवर लावायला बिल्ला मिळाला, 'हेअर आर्टिस्ट नितेश'. हात धुवायला तो आतल्या बाजूला गेला, नळ सोडला, आणि पाणी वाहत असताना त्याला एकदम कळलं की इथे बाबा नव्हते. तेल्हाऱ्याचं कुणी नव्हतं, वर्षालीचं सासर नव्हतं, कुणाची भीती नव्हती. कुणी विचारलं तर 'अकोल्याचे वामनराव' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. त्याने ते म्हटले नव्हते. अकोल्याला तो बापाला भ्याला असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. मग इथे कोणाला भ्याला? त्याने तोंडावर पाणी मारलं. समोर आरसा होता. त्याने नळ बंद केला, पण मान वर केली नाही.

तो तिथे थोडे दिवस राहिला. काम चांगलं होत होतं, गिऱ्हाइकं वाखाणत होती, आणि प्रत्येक वेळी कुणी 'वा' म्हटलं की त्याला चोरीचा माल विकल्यासारखं वाटायचं. एका संध्याकाळी सागरला त्याने सगळं सांगून टाकलं. सागरने ऐकून घेतलं. "मले वाटलं होतं, तू कामाची लाज बायगतं," तो म्हणाला. "पन तुले कामाची लाज नाईच, गड्या."

"मंग कशाची?"

"ते तूच पाय."

नितेशने पाहिलं होतं. म्हणून तर झोप नव्हती. त्याने पौर्णिमा मॅडमना बिल्ला परत दिला आणि आपण यूट्यूबवर नाही, अकोल्याला वामनरावांकडे शिकलो, असंही सांगितलं. त्यांना त्यात एवढं सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. "ठीक आहे, पण सोडता कशाला?" त्या म्हणाल्या. त्याने सागरच्या खोलीवर जाऊन पिशवी भरली.

तेल्हाऱ्याला तो दुपारी पोचला. ओसरीत वेचणीचा कापूस पडला होता. आई बेबीताई आणि वर्षाली त्यातला कचरा काढत होत्या, पंजाबराव खाटेवर पडले होते. पोराला बघून उठून बसले. "सुट्टी हाय काय?"

नितेश चपला काढून उंबऱ्याच्या अलीकडेच उभा राहिला. वाटेत त्याने बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"बाबा, मी अभ्यास करून नाई राह्यलो."

"म्हंजे? फारम चुकला काय?"

"नाई. त्या दिवशी तुमी ज्या दुकानात दाढी केली न, तठी मी काम करतो. केस कापतो. उन्हाळ्यापासून."

पंजाबराव हसले. मग पोराचा चेहरा बघून हसू अर्ध्यात राहिलं. "तू तं कटिंग कराले बसला होता."

"तुमाले पाहून बसलो. एप्रन खुर्चीमागं टाकला होता."

बेबीताईंचे हात कापसात तसेच राहिले. "काय बोलून राह्यला हा?" त्या कुणाला तरी विचारावं तसं म्हणाल्या.

"इंजिनिअर होऊन हजामती करतं?" पंजाबरावांचा आवाज चढला. "कोनी जबरदस्ती केली? आपल्याले काई कमी हाय? जमीन हाय, घर हाय..."

"मले आवडते, बाबा. कॉलेजपासून आवडते. दुसरं काईच असं नाई आवडलं. तुमाले सांगाची हिंमत नाई झाली."

पंजाबराव काही तरी बोलायला गेले आणि थांबले. त्यांना काहीतरी आठवत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "अन् तो सुदाम्याचा पोरगा," ते हळू म्हणाले. "त्याले पयलेपासून माईत होतं, तू माया पोरगा म्हनून?"

"हो."

"अन् म्या त्याच्या बापाचं बोलून राह्यलो होतो. ज्वारीचं. ओट्याचं." ते पोराकडे बघत राहिले. "तवा तू काय म्हनला होता? किळस येते म्हनला होता."

"हो, बाबा."

"अन् तो काईच नाई बोल्ला. मले खोटं पडू देलं नाई. तुले बी नाई."

पंजाबराव उठले आणि गोठ्याकडे निघून गेले. बराच वेळ आले नाहीत. बेबीताई रडल्या, मग कापूस साफ करायला लागल्या, मग पुन्हा रडल्या. नितेश उंबऱ्यापाशीच होता. त्याला बस असं कुणी म्हटलं नाही, आणि आपणहून बसण्याचा हक्क आहे असं त्याला वाटेना.

पंजाबराव परत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "मले लाज कशाची वाटून राह्यली, तेच समजत नाई," ते म्हणाले. "तू न्हाव्याच्या दुकानात काम करतं याची, का तठी बसून तू तसं बोल्ला याची. पयल्याची जास्त वाटते, खोटं कशाले बोलू. पन दुसऱ्याची बी वाटते." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "एक आयक. वर्षालीचं लगन होऊ दे. तोवर तोंड बंद ठेव. पाव्हन्यायले कळलं तं मोडन."

 नितेशची सगळी हिंमत एका वाक्यात संपली होती. त्यात आता बहिणीचं नाव आलं होतं.

 वर्षाली ओढणीला चिकटलेला कापूस झाडत उठली. "माया नावावर नोका ढकलू, बाबा," ती म्हणाली. "आज लपवलं अन् लग्नानंतर कळलं, तं टोमने कोनाले आयका लागन? तुमाले का मले?"

"वर्षाली, तू मधात नोको पडू."

"मधात मीच हाय. लगन मायं हाय."

तिने फोन घेतला, मागच्या अंगणात गेली आणि मुलाशी बोलली. आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "त्यायले काई नाई," ती म्हणाली. "पन म्हनले, घरी सांगा लागन. वडील काय म्हनते माईत नाई." मग ती नितेशकडे वळली. त्याला वाटलं, ही आता काहीतरी मायेने बोलेल. ती म्हणाली, "मोडलं तं मी तुया संग जिंदगीभर बोलनार नाई, हे बी सांगून ठेवते." आणि कापसापाशी जाऊन बसली.

पंधरा-वीस दिवस पाहुण्यांकडून निरोप नव्हता. त्या दिवसांत घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. नितेश शेतात जायचा, संध्याकाळी यायचा, बाप ज्या खोलीत असेल तिथून उठून दुसऱ्या खोलीत जायचा. गावात अजून कुणाला माहीत नव्हतं, तरी पारावरून जाताना सगळे आपल्याकडेच बघतात असं त्याला वाटायचं. मग एक दिवस मुलाच्या आईचा बेबीताईंना फोन आला. त्यांचं सगळं बोलणं घोळात होतं, पण अर्थ एवढाच होता, की लग्न होऊ द्या, फक्त त्यांच्याकडच्या पाहुण्यांत याची वाच्यता नको. बेबीताईंनी देवापुढे साखर ठेवली. नितेशला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटल्याचीच लाज वाटली.

तो अकोल्याला गेला. वामनराव गिऱ्हाईक करत होते. तो बाहेरच्या बाकावर बसला. दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा त्यांनीच दार उघडलं.

"सांगून आलो," नितेश म्हणाला.

"काय म्हनले?"

"नाई म्हनले. बोलत नाईत माया संग."

वामनरावांनी मान हलवली. नितेश पुढे म्हणाला, "अजून एक सांगाचं हाय, काका. मी अमरावतीले गेलो होतो. तठी एका सलूनमधी काम धरलं. त्यायनं इचारलं, कोनाकडं शिकला. म्या तुमचं नाव घेतलं नाई. यूट्यूबवर शिकलो म्हनलं."

बंडू आत कात्र्या पुसत होता. तो थांबला.

"तठी कोन होतं तुया वळखीचं?" वामनरावांनी विचारलं.

"कोनी नाई."

वामनराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. रस्त्याकडे बघत राहिले. "हे कशाले सांगतलं?" ते शेवटी म्हणाले. "मले कधी माईत पडलं नसतं."

"म्हनूनच सांगतलं."

 आतून बंडूने कात्र्या ट्रेमध्ये टाकल्याचा आवाज आला, जरा जोरातच.

"तुयी खुर्ची आता रिकामी नाई," वामनराव उठत म्हणाले. "बंडूच्या हाताखाली राय. झाडू, टावेल. मंग पाहू."

ते 'मंग' लवकर आलं नाही. बंडू त्याला आता 'पाटील' म्हणायचा तो चिडवून नव्हे. "पाटील, टावेल," म्हणायचा आणि हात पुढे करायचा, त्याच्याकडे न बघता. ओळखीची पोरं यायची, विचारायची, नितेशभाऊ झाडू कसे काय मारून राह्यले? बंडू म्हणायचा, "त्यायलेच इचारा." नितेश सांगायचा, चूक झाली होती. काय चूक, हे पोरं विचारायची नाहीत, आणि तो झाडत राहायचा.

हिवाळा सरता सरता वर्षालीचं लग्न झालं. मांडवात पंजाबरावांनी पाहुण्यांना पोराची ओळख करून दिली, "हा नितेश, अकोल्याले असते." त्यापुढे ते काही म्हणाले नाहीत आणि नितेशही म्हणाला नाही. बेबीताईंच्या आग्रहाने वामनरावांना पत्रिका गेली होती. ते आले नाहीत. लग्नसराईत दुकान बंद ठेवता येत नाही, एवढंच त्यांनी कळवलं. नितेशला कारण पटलं, आणि ज्या मांडवात त्यांचं नाव घ्यायचं नव्हतं तिथे ते का आले नाहीत, हेही समजलं.

लग्नानंतरच्या आठवड्यात वामनरावांनी त्याला एक दिवस काही न बोलता खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. नितेशने कंगवा घेतला. पहिलं गिऱ्हाईक म्हातारं होतं. पांढरी टोपी, कानावर केसांचे झुबके. नितेशने कापड बांधलं. म्हाताऱ्याने आरशातून त्याला निरखलं आणि गावाकडच्या माणसाला जे विचारल्याशिवाय राहवत नाही ते विचारलं.

"कुठला रे तू, बाबू? कोनाचा?"

नितेशचे कान तापले. त्याला वाटलं होतं, सगळं सांगून झालं की हे जाईल. ते गेलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीपाशी बंडू होता, त्याची कात्री थांबली होती. वामनराव गल्ल्यावर होते.

"तेल्हाऱ्याचा. पंजाबराव अढावाचा."

म्हातारा वळून बसला. "पंजाबरावाचा? पाटलाचा?" त्याने नितेशच्या हातातल्या कात्रीकडे बघितलं. "अन् हे काम?"

"हो काका," नितेश म्हणाला.  "वामनकाकायकडं शिकलो. मान खाली घ्या."

म्हातारा पुटपुटत राहिला. बाप जिता असताना, शिकून सवरून, काय जमाना आला. पण पुटपुटता पुटपुटता त्याने मान खाली घेतली, आणि नितेशने बोटांनी त्याच्या पांढऱ्या केसांतला भोवरा शोधायला सुरुवात केली.